राजनौकेला हात कोण लावणार?

सोनवळच्या महाराजांची बोट तलावाच्या मधोमध अडकली आणि अख्ख्या राज्याचा कारभार ठप्प झाला. तसा तो आधीही फार चालत नव्हता, पण आता न चालायला कारण मिळालं!

बोट हातभर लांब, रिमोटवर चालणारी. पुढे लाकडी मोराची मान, मागे इवलंसं सिंहासन आणि सिंहासनावर अंगठ्याएवढे पितळी महाराज. परत येताना पंख्यात शेवाळ गुंतलं, मोटर बंद पडली आणि पितळी महाराज किनाऱ्याकडे तोंड करून उन्हात तापत बसले. खरे महाराज काठावर छत्रीखाली तापले.

"आणा माझी बोट!"

पण आणणार कशी? तळाशी एवढा गाळ की उतरलेला माणूस छातीपर्यंत रुतायचा. होडी घालावी, तर कमळांच्या देठांत वल्ही अडकायची. शेवटी राजवाड्याच्या सुताराने डोकं लढवलं. बंदरात मोठ्या जहाजांना ढकलत, ओढत आणते ती टगबोट. तशीच एक छोटी टग त्याने बनवली, रिमोटवर सोडली आणि राजनौकेला मागून हळूच रेटा दिला.

"थांब!" दाजीसाहेब किंचाळले. दाजीसाहेब म्हणजे दरबारी रिवाजांचे प्रमुख. वय इतकं की आधी रिवाज जन्मले की दाजीसाहेब, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "सिंहासनावर महाराजांची मूर्ती आहे. म्हणजे तिथे जातीने महाराजच आहेत! महाराजांना मागून ढकलतोस?"

सुतार तुरुंगात गेला.

मग लोहाराची टग निघाली. तिने मोराच्या मानेत आकडा अडकवला आणि वळून ओढायला लागली.

"महाराजांना पाठ दाखवली! वर गळाला लावलं! महाराज म्हणजे काय मासा आहेत?"

लोहारही गेला सुताराच्या सोबतीला. दरबारातल्या बाकीच्या ज्येष्ठांनी माना डोलावल्या. त्यांना तेवढंच उत्तम जमायचं.

महाराज उठून उभे राहिले. "सूर्यास्तापर्यंत माझी बोट मानाने काठाला लागली नाही, तर बांधाचा दरवाजा उघडा! तलाव रिकामा झाला की मी स्वतः चालत जाऊन आणीन!"

दाजीसाहेबांनी कमरेला लटकणारी बांधाच्या दरवाजाची किल्ली चाचपली. सगळं गाव त्याच तलावाचं पाणी प्यायचं.

"वा! काय ही दूरदृष्टी!" ज्येष्ठ म्हणाले. त्यांच्या घरी विहिरी होत्या.

"आणि मग आम्ही काय प्यायचं? दूरदृष्टी?"

सगळे वळले. गर्दीतून परटाची केवळा पुढे आली होती. बाजारात तिचं रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं.

"ए पोरी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!" दाजीसाहेब गरजले.

"बरं. मग मोठ्यांनी आणा बोट. मी थांबते."

मोठे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"तू आणशील?" महाराजांनी विचारलं. "लक्षात ठेव, ढकलायचं नाही. पाठ दाखवायची नाही. आणि दोर तर बांधायचाच नाही!"

"आणते की. फक्त सूर्यास्तापर्यंत दरवाजाला हात लावू देऊ नका."

केवळा दुकानात गेली. तेलाचं रिकामं कॅन तिने आडवं कापलं, झाली टगची होडी! मोडक्या रिमोटच्या जीपमधली मोटर काढली, इमर्जन्सी दिव्याची बॅटरी तळाशी बसवली. पंख्यात शेवाळ शिरू नये म्हणून त्यावर चहाची गाळणी घट्ट बांधली. आईने "माझी गाळणी!" म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा ती म्हणाली, "आई, पाणीच राहिलं नाही तर चहा कशाचा करशील?"

ऊन उतरलं तेव्हा ती तलावावर आली. टगच्या नाकावर दोन काड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या खाचांवर झेंडूचा हार टांगलेला होता.

"हे काय थेर?" दाजीसाहेब म्हणाले.

"महाराजांना रिकाम्या हाताने भेटतात का, दाजीसाहेब?"

टग फटफटत निघाली. कमळं चुकवत, शेवाळ बाजूला सारत ती राजनौकेच्या अगदी समोर गेली. मोराची चोच हारात शिरली, मग तुरा, मग मान. केवळाने टग जराशी मागे घेतली. हार काड्यांवरून सुटला आणि मोराच्या गळ्यात पडला. पण त्याच्या आतला पक्का नायलॉनचा दोरा टगच्या नाकालाच बांधलेला होता! टग तशीच मागे येत राहिली आणि तिच्याबरोबर डुलत डुलत राजनौका निघाली.

गावकरी ओरडायला लागले. दाजीसाहेब त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

"पकडा हिला! टग महाराजांच्या पुढे चालली आहे!"

"चालू दे की. तोंड कुणाकडे आहे तिचं?"

दाजीसाहेबांनी डोळे बारीक केले. "महाराजांकडे."

"तुम्ही दरबारातून निघता तेव्हा कसे निघता?"

"अर्थात महाराजांकडे तोंड करून, उलट्या पावली! तो रिवाजच..." दाजीसाहेब मध्येच थांबले.

"माझी टगही रिवाजाचीच आहे हो. फक्त तिला तुमच्याइतका वेळ लागत नाही."

"पण दोर! त्या हारात दोर आहे!"

"दोरा नसलेला हार कुठे मिळतो, दाजीसाहेब? गेल्या वाढदिवसाला तुम्ही महाराजांना हार घातलात, तेव्हा काय सुटी फुलं चिकटवली होती?"

राजनौका काठाला टेकली. सूर्य अजून टेकडीच्या वर होता. महाराजांनी बोट उचलून छातीशी धरली, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

"शब्दात मला पकडू नकोस, मुली. खरं सांग. तू मला ओढत आणलंस की नाही?"

बांधाच्या दरवाजाची किल्ली अजून दाजीसाहेबांच्या कमरेलाच होती.

"छे, महाराज!" केवळा म्हणाली. "मान्यवरांना कधी ओढावं लागतं का? गळ्यात हार घातला, की नेऊ तिथे ते आपणहून येतात!"

महाराज असे खदखदून हसले की छत्री धरणाराही हसून वाकला आणि ऊन थेट दाजीसाहेबांच्या टकलावर पडलं. ज्येष्ठांनी आधी महाराजांकडे पाहिलं आणि मग हसायला सुरुवात केली.

"बोल, काय देऊ? शाल? श्रीफळ?"

"शालीत उकडतं, महाराज. सुतार आणि लोहाराला सोडा. आणि ती बांधाची किल्ली मला द्या."

महाराजांनी स्वतःच्या हाताने दाजीसाहेबांच्या कमरेची किल्ली सोडवली आणि केवळाच्या हातात ठेवली.