खांबेटेसरांनी वगळलेला धडा

एका जिल्ह्याच्या गावात लहान मुलांचं एक रुग्णालय होतं. तिथे डॉक्टर अच्युत खांबेटे शिकाऊ डॉक्टरांना खाटेशेजारची सोनोग्राफी शिकवत. छोटं यंत्र मुलाजवळ आणायचं, अंगाला जेली लावायची, यंत्राचा हातात धरायचा प्रोब टेकवायचा आणि आतलं दुखणं पडद्यावर शोधायचं. या कामात सरांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, आणि हे सरांना पुरतं ठाऊक होतं.

मग मुक्ता वाघचौरे शिकायला आली. ती जेलीची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवी. थेंबभर जेली मुलाच्याच बोटाला लावी, आणि मूल ते बोट बघत बसलं की हळूच प्रोब टेकवी. सरांना बघून भोकाड पसरणारी पोरं तिच्यापुढे गप्प पडून राहत. नर्सबाई कौतुकाने म्हणाल्या, हिचा हात अगदी सरांसारखा आहे. त्यात कौतुक सरांचंही होतं, पण सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं घासून जे मिळवलं ते या पोरीला सहा महिन्यांत? जेवतानाही तिचा तो स्थिर हात डोळ्यांपुढे येई आणि घास गोड लागेना.

छातीतलं पाणी शोधायचा धडा आला, त्या सकाळी सरांनी तिला नेमकं लसीकरणाला पाठवलं. बाकीच्यांना दाखवलं, मूल उताणं असलं की पाणी पाठीकडे उतरतं. म्हणून त्याला आईच्या खांद्यावर द्यायचं आणि पाठीवरून बघायचं. दुपारी मुक्ताने विचारलं, आज काय झालं? विशेष काही नाही, असं सांगून सर चहाला गेले. त्या दिवशीचा चहा त्यांना फार गोड लागला.

पंधरा दिवसांनी तीन वर्षांची कार्तिकी आली. अंगात ताप, धाप लागलेली. एक्स-रेचं यंत्र नेमकं बंद होतं. मुक्ताने उताण्या पोरीच्या छातीवर पुढून प्रोब फिरवला. पाणी दिसलं नाही. दमा असेल असं समजून तिने वाफ सुरू केली. दुपारपर्यंत पोरीचे ओठ निळसर पडले.

सर आले आणि एका नजरेत सगळं समजले. खरं सांगायचं तर आधी त्यांना आनंद झाला. चुकली एकदाची! मग त्यांना कार्तिकीची आई दिसली. ती लेकीच्या प्रत्येक श्वासाबरोबर स्वतःही श्वास घेत होती. सरांनी घाईने प्रोब हातात घेतला. पण घाबरलेली पोर त्यांच्या हाताखाली तडफडू लागली आणि पडद्यावरचं चित्र स्थिर होईना. सरांनी प्रोब मुक्ताच्या हातात दिला.

"आईच्या खांद्यावर दे तिला. पाठीवरून बघ. पाणी मागे असतं."

मुक्ताने जेलीचा थेंब पोरीच्या बोटाला लावला. पोर जराशी निवली. पडद्यावर पाणी दिसलं, उजवीकडे, भरपूर. सरांनी सुई घातली, वाटीभर पाणी निघालं. संध्याकाळी कार्तिकीने बिस्कीट मागितलं.

"चूक माझी होती, सर," मुक्ता व्हरांड्यात म्हणाली. "हे मला यायला हवं होतं."

सरांनी नुसती मान हलवली असती तरी कोणाला काही कळलं नसतं.

"तुला मी मुद्दाम शिकवलं नाही," ते म्हणाले. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ते मला बघवत नव्हतं."

मुक्ताने खिशातून वही काढली. मग तिने विचारलं, "अजून काय काय राहिलंय, सर?"

सरांनी मान खाली घातली. मग उठून ते यंत्र घेऊन आले आणि तिथेच शिकवायला बसले.

तात्पर्य: मत्सरापायी गुरूने दडवलेली विद्या शिष्यापेक्षा तिसऱ्याच निरपराध जिवाला नडते.