दुपारी माना टाकणारं झुडूप

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गढी होती, आणि गढीच्या परसात एक झुडूप जिवापाड जपलं जात होतं. आज आपण त्याला हायड्रेंजिया म्हणतो. रुंद पानं, ओंजळभर फुलांचे गुच्छ. त्या मुलखात ते तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

झुडूप पाठवलं होतं गढीच्या बाईसाहेबांच्या लेकीनं. सहा वर्षांपूर्वी ती आईच्या मनाविरुद्ध लग्न करून डोंगरापलीकडे गेली, तेव्हापासून मायलेकींत शब्द नव्हता. मग एके सकाळी एक गडी ते रोप घेऊन आला आणि म्हणाला, “ताईसाहेबांचा निरोप आहे. याला फुलं आली की कळवा, त्या येतील.”

बाईसाहेबांनी रोप गिरजा माळिणीच्या हवाली केलं. गिरजानं जागा निवडून ते लावलं. तिथं सकाळचं कोवळं ऊन यायचं आणि दुपार टळता भिंतीची सावली पडायची. झुडपानं जीव धरला. शेंड्यांना बारीक कळ्या दिसू लागल्या.

चैत्र तापला. एका दुपारी बाईसाहेबांनी सज्ज्यातून पाहिलं, तर पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. त्या घाईनं खाली आल्या.

“गिरजे, झाड तहानलंय. दोन घागरी पाणी घाल.”

गिरजानं ते झाड रोज पाहिलं होतं. भर उन्हात ते माना टाकी, दिवस कलला की आपसूक ताठ होई. तिनं मातीत बोट खुपसलं. माती चांगली ओली होती. सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. पण आधीच्या माळ्यानं एकदा बाईसाहेबांना उलट उत्तर दिलं, तर त्याच दिवशी त्याला बिऱ्हाड उचलावं लागलं होतं. गिरजाची झोपडी गढीच्याच आवारात होती, आणि झोपडीत आंधळी सासू होती.

“जी,” ती म्हणाली आणि तिनं घागर उचलली.

दुसऱ्या दिवशी दोन घागरी. तिसऱ्या दिवशी दोन. गिरजा पाणी ओतायची आणि नजर चुकवायची. आठव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. दहाव्या दिवशी संध्याकाळ झाली तरी पानं वर आली नाहीत. कळ्या काळ्या पडून गळू लागल्या.

“आजपासून चार घागरी,” बाईसाहेब म्हणाल्या.

गिरजानं घागर भरली, झाडापाशी नेली आणि खाली ठेवली. मग तिनं खुरपं घेतलं, माती उकरली आणि झुडूप मुळासकट वर काढलं.

“काय केलंस हे?” बाईसाहेब ओरडल्या.

गिरजानं मुळं त्यांच्यापुढं धरली. ती काळी, बुळबुळीत झाली होती. कुजका वास येत होता.

“पाण्यानं मेलं, बाईसाहेब. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमची भीती वाटली.”

बाईसाहेब तिथंच ओट्यावर बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आता काही उरलंय का यात?”

दोन फांद्या अजून हिरव्या होत्या. गिरजानं त्या छाटून वाळूमिश्रित मातीत सावलीला खोचल्या. “जगल्या तर जगल्या,” ती म्हणाली. “पण फुलं यायला दोन वर्षं तरी लागतील.”

“म्हणजे आणखी दोन वर्षं वाट पाहायची.”

गिरजाच्या मनात एक गोष्ट आली. ती बोलण्यासारखी नव्हती, माळिणीनं तर नव्हतीच. या वेळी मात्र ती थांबली नाही.

“फुलांची वाट कशाला बघता, बाईसाहेब? निरोप धाडा. झाड तुमच्या हातून मेलं, ते सांगा. आणि ये म्हणा.”

बाईसाहेबांनी मान वर केली. गिरजाला वाटलं, संपलं आता. उद्या बिऱ्हाड बांधायचं. पण बाईसाहेबांनी गड्याला हाक मारली आणि सांगितलं, “घोडं काढ.”

पाचव्या दिवशी लेक आली. खोचलेल्या फांद्यांना तेव्हा मुळंसुद्धा फुटली नव्हती. दारात उभ्या असलेल्या आईच्या गळ्यात पडून ती एवढंच म्हणाली, “मी फुलांची अट घातली, कारण नुसतं ‘येऊ का’ विचारायची मला भीती वाटत होती.”

तात्पर्य : भीतीपोटी गिळलेलं खरं आतून कुजवतं, वेळेवर बोललेलं खरं जोडून देतं.