आघाड्याचा निरोप

त्रेतायुगाचा आरंभ होता. कृतयुग सरले होते, तरी त्याचे काही चांगले रिवाज पृथ्वीवर अजून तग धरून होते, आणि त्यांतला एक असा की वनस्पती माणसांशी बोलत. सगळ्यांशी नव्हे हो. येताजाता पाने ओरबाडणाऱ्याशी कोण बोलणार? पण जो वैद्य विधिपूर्वक येई, नम्रपणे विचारी, त्याच्याशी त्या स्वच्छ, मृदू वाणीने बोलत आणि कोणत्या दुखण्यावर आपला उपयोग होईल व कोणत्या नाही, हे कसलाही आडपडदा न ठेवता सांगत.

त्या काळी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, कुमुदा नदीच्या काठी, जिथे मृगशावके यज्ञवेदीवरचे दर्भ निर्धास्तपणे कुरतडत आणि जिथल्या होमधूमाने जांभळीचे शेंडे सदैव निळसर दिसत, अशा एका आश्रमात ऋतंधर नावाचे महातपस्वी वैद्यमुनी राहत होते. त्यांच्या हातून रोगी दगावला, असे ऐकिवात नव्हते. पत्नी निवर्तलेली, पुत्र नाही, एकुलती एक कन्या निरुजा. तिचा विवाह सत्यहव्य नावाच्या तरुण ऋषीशी लावताना मुनींनी आधीच ठरवून घेतले होते की तिच्या पोटी जन्मेल तो पुत्र मातामहाचा. त्याचे संस्कार मातामह करील आणि औषधींची सारी विद्या त्यालाच मिळेल. शिष्य पुष्कळ होते, पण विद्या रक्तात उतरावी असा मुनींचा हट्ट होता. मोठ्या माणसांचे हट्टही मोठेच असतात.

आता त्यांच्या विधीविषयी सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच आहे. औषधी घ्यायची तर आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिच्यापाशी जायचे, अक्षता वाहायच्या, ओंजळभर पाणी घालायचे आणि रोग्याचे नाव व दुखणे सांगून तिला आमंत्रण द्यायचे. ती 'येते' म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला, आपली सावली तिच्यावर न पडेल असे उभे राहून मुळी उपटायची. काम झाले की तितक्याच आदराने निरोप द्यायचा. मुळी वाहत्या पाण्यात सोडून 'ये आता' म्हणायचे. निघणाऱ्याला आपल्यात 'जा' म्हणत नाहीत, तसेच ते. आमंत्रण आणि निरोप, यांच्यामध्ये चिकित्सा.

आश्रमाच्या वाटेवर आघाडा उदंड माजलेला असे. त्या काळी त्याचा तुरा ताठ, दाणे मऊ आणि आकाशाकडे तोंड केलेले. दिसायला अगदी साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गुण पाहाल तर थक्क व्हाल. त्याच्या काडीने दात घासले की हिरड्या घट्ट होत. मुळी उगाळून लावली की विंचवाचे विष उतरे. मुळापासून दाण्यापर्यंत सारे पंचांग जाळून केलेला क्षार मधात चाटवला की छातीतला जुना कफ सुटे. आणि त्याच्या दाण्यांची खीर खाऊन तपस्वी दिवसेंदिवस भुकेवाचून बसत. या सगळ्यांच्या मुळाशी एकच शक्ती होती: आत अडकलेले बाहेर ओढणे. म्हणूनच प्रसूती अडली की आघाड्याची मुळी गर्भिणीच्या कमरेला बांधत. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दुसऱ्याचा हात लागला की गाठ अधिकच आवळे.

निरुजेचे दिवस भरले तेव्हा सत्यहव्य दूरदेशी एका दीर्घ यज्ञसत्रात बसलेला होता. कळा सुरू झाल्या आणि दोन दिवस झाले तरी सुटका होईना. भद्रिका नावाची वृद्ध तापसी सुईण म्हणून तिच्यापाशी होती. तिने शेकडो बाळंतपणे केलेली, पण दुसऱ्या दिवशी तिनेही हात टेकले. मूल आडवे नाही, पण पुढे सरकतच नाही, असे तिने मुनींना बाहेर येऊन सांगितले आणि पदराने तोंड पुसले. लोकांच्या लेकीबाळींसाठी ज्यांचा हात कधी कापला नाही, त्यांच्या ओंजळीतले पाणी त्या दिवशी आघाड्यापर्यंत पोहोचेतो निम्मे सांडले.

आघाड्याने सारे ऐकून घेतले. तो म्हणाला, "मुनिवर, निरुजेला मी ओळखतो. लहानपणी माझे दाणे ओच्यात भरून नेत असे. मी येतो. पण एक ध्यानात असू द्या. ओढणे मला येते, थांबणे येत नाही. ते तुमच्या हाती. बाळाचा पहिला टाहो ऐकलात की आधी गाठ सोडा, मग दुसरे काय ते."

मुनींना हे किंचित झोंबले. हीच गोष्ट ते स्वतः वर्षानुवर्षे शिष्यांना शिकवत आले होते. तरी त्यांनी मान लववली आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला मुळी आणून आपल्या हातांनी लेकीच्या कमरेला बांधली. घामाने निथळलेल्या निरुजेने त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला आणि आता बरे वाटते असे म्हटले. बरे वाटत नव्हते, हे दोघांनाही कळत होते.

मुनी पडद्याबाहेर जाऊन बसले. पुत्र झाला तर नाळ कापण्यापूर्वी जातकर्म, म्हणजे जन्माचा संस्कार, व्हायला हवे, म्हणून सोन्याची शलाका, मध आणि तूप त्यांनी जवळ मांडून ठेवले. पहिल्या प्रहराच्या आतच आतून टाहो आला. पुत्र झाल्याचे भद्रिकेने ओरडून सांगितले, आणि त्या शब्दांसरशी मुनींचे सारे भान त्या बालकाभोवती गोळा झाले. ते आत धावले. मातेजवळ ठेवलेल्या, नाळ अजून न तुटलेल्या त्या लालबुंद जीवाशेजारी गुडघे टेकून त्यांनी शलाकेने मधतूप त्याच्या ओठांना लावले आणि बाळाला बुद्धी आणि वाणी देणारे मेधाजननाचे सूक्त आरंभले.

गाठ त्यांना आठवत नव्हती असे नाही. हेच तर दुःख आहे! गाठ हाताच्या अंतरावर होती, दिसत होती; एवढे सूक्त संपले की सोडू, असे त्यांनी मनाशी म्हटले. कारण विधी सांगत होता की हे सूक्त एकदा आरंभले की मध्ये थांबायचे नाही, श्वासाखेरीज दुसरे काही मुखातून येऊ द्यायचे नाही, उजवा हात बाळाच्या मस्तकावरून उचलायचा नाही आणि डाव्याने दुसरे काही काम करायचे नाही. मध्ये अडलेला मंत्र बालकाची वाणी कायमची अडवतो. ज्या मुखातून आपली सारी विद्या पुढे बोलणार, ते मुख मुके होईल? मुनींची छाती झाली नाही.

निरुजेचा चेहरा पांढरा पडत चालला. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तात, मुळी."

मुनींनी डावे बोट वर केले. थांब.

भद्रिकेने पुढे होऊन गाठीला हात घातला. गाठ आवळली. तिने नखे लावली, शेवटी कोयती आणून धागा कापू पाहिला. धागा कापला जाईना. ती रडकुंडीला येऊन मुनींच्या तोंडाकडे पाहू लागली. मुनींचे डोळे मिटलेले होते, स्वर स्पष्ट होते, एक मात्राही चुकत नव्हती. अशा शुद्ध उच्चारांना काय जाळायचे आहे? पण ते त्या वेळी त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार होते!

निरुजेने पुन्हा एकदा डोळे उघडले. आश्रमातून कुठेही जाताना, नदीवर पाण्याला जातानासुद्धा, वडिलांना विचारून जायची तिला सवय होती. "तात," ती म्हणाली, "मी येऊ?"

मुनींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पंजा उभा धरला आणि उरलेल्या तीन ऋचा म्हणून पूर्ण केल्या.

मग ते वळले. "आता बोल, वत्से," असे म्हणत त्यांनी गाठीला हात लावला आणि ती आपली आपण सुटली. निरुजेचे अंग गार पडले होते. मुलाला बाहेर ओढून मुळी थांबली नव्हती. तिने रक्त ओढले, ऊब ओढली आणि प्राणही ओढून नेला. भद्रिकेने हंबरडा फोडला. मुळी मुठीत धरून मुनी तसेच नदीच्या वाटेला लागले.

दुःख माणसाला शहाणे करते म्हणतात, आणि करीतही असेल. पण आधी ते गुन्हेगार शोधते, आणि तो आपल्याखेरीज कुणीतरी असला तर फार बरे वाटते. सूर्य माथ्यावर आला होता. आघाड्याच्या ताटव्यासमोर उभे राहून मुनी गरजले, "कृतघ्ना, माझ्या हातचे पाणी पिऊन माझीच लेक मारलीस?"

आघाडा म्हणाला, "मुनिवर, तुम्ही बोलावलेत, मी आलो. निरोप दिला नाहीत, म्हणून मी राहिलो."

खऱ्या उत्तरासारखे असह्य दुसरे काही नाही. मुनींनी कमंडलूतले पाणी हातावर घेतले. "तुझी ताठ मान मोडो," ते म्हणाले. "तुझे दाणे काटेरी होऊन भूमीकडे तोंड करोत. तू वाटांच्या कडेला आणि उकिरड्यावर वाढ, आणि लोक तुला झटकून टाकोत. आणि ज्या वाणीने तू मला हे ऐकवलेस, ती वाणी तुझी आणि तुझ्या साऱ्या कुळाची, पृथ्वीवरच्या प्रत्येक वनस्पतीची, या क्षणी बंद होवो."

पाणी भूमीवर पडले. आश्रमात सतत असणारी ती कुजबुज, जिच्याकडे सवयीने कुणाचे लक्षही नसे, एकदम थांबली. तुळस गप्प झाली, गुळवेल गप्प झाली. मुनींना आयुष्यात पहिल्यांदा वारा नुसता वाऱ्यासारखा ऐकू आला.

तेवढ्यात आकाशमार्गाने अश्विनीकुमार, ते देवांचे जुळे वैद्य, लगबगीने खाली उतरले. भद्रिकेच्या आक्रोशाने ते आले होते. मुनींनी त्यांच्या पायांवर लोळण घेतली आणि लेक परत मागितली. माझे आयुष्य घ्या, तप घ्या, विद्या घ्या, असे सारे काही त्यांनी देऊ केले.

थोरल्या अश्विनाने मुनींच्या मुठीतली मुळी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "आहे, उपाय आहे," तो म्हणाला. "ज्याने प्राण ओढला, त्यालाच तो परत ठेवता येतो. सूर्यास्तापर्यंत वेळ आहे. आघाड्याला पुन्हा आमंत्रण द्या. तो 'येतो' म्हणाला की झाले; एवढा एक शब्द त्याच्या मुखातून यायला हवा."

अश्विनांनी एकदा मुनींकडे आणि एकदा त्या खाली मान घातलेल्या तुऱ्यांकडे पाहिले, आणि त्यांना कळले.

तरी मुनींनी आमंत्रण दिले. अक्षता वाहिल्या, पाणी घातले, 'निरुजा' असे नाव घेतले. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत ते नाव घेत राहिले. एका तुऱ्याचे काटेरी दाणे त्यांच्या वल्कलाला येऊन चिकटले, एवढेच. येतो म्हणत होता की कसे, कोण सांगणार? अश्विनांनी जाता जाता वर दिला तो त्या झाडाला: तुझे गुण तुझ्यापाशीच राहतील, आणि ज्याने कुणी तुला झटकले त्याच्याही अंगातले विंचवाचे विष तू उतरवशील. मुनींना देण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते.

सत्यहव्य परत आला तेव्हा चितेची राखही उरली नव्हती. तो मुनींना एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मुनींना जड गेले. मुलगा मोठा झाला. तो मुका नव्हता. मंत्र फळला होता. त्याचे उच्चार इतके शुद्ध होते की ऐकणारे डोलत. मातामहांनी त्याला सगळे शिकवले, पण आमंत्रण देऊन तो झाडापुढे उभा राही, तेव्हा पुढे काय ऐकायचे, हे त्याला कधीच कळले नाही. त्याच्यापासून आजवर वैद्य वनस्पतीला विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता उपटतात.

सुइणींनी मात्र धडा घेतला. पुढे जिथे जिथे ती मुळी लागली, तिथे सुईण ती स्वतःच बांधी आणि एक हात गाठीवर ठेवूनच बसे. मूल रडले की मुलगा की मुलगी हे पाहण्याआधी गाठ सोडी. ऋषिपंचमीला आजही बायका आघाड्याच्या काडीने दात घासतात आणि काडी टाकताना जपून टाकतात. आणि शेताच्या बांधावरून कुणी गेले, तर आघाडा त्याच्या धोतराला, लुगड्याला चिकटून मैलभर सोबत येतो. लोक चिडून झटकतात. तो बिचारा निरोप मागत असतो; वाणी नाही, म्हणून पदर धरतो.

ऋतंधर मुनी फार जगले, हाही एक शापच म्हणायचा. उतारवयात त्यांनी चिकित्सा सोडली, होम सोडला. रोज सकाळी ते त्या वाटेने नदीपर्यंत जात आणि परत येऊन अंगणात बसत. वल्कलाला चिकटलेला एकेक दाणा सोडवून तळहातावर घेत, आणि जे त्या दिवशी तीन ऋचांसाठी म्हणायचे राहिले होते ते म्हणत, "ये हो, बाळ. ये आता."