तीन टिंबांची जागा

“पण मग त्या बापाला म्हणायचं तरी काय होतं?” इसोबेने दुसऱ्यांदा विचारलं.

ग्योकुसेन गुरुजी चहा गाळत होते. डोंगरावरच्या या मठात येण्यापूर्वी ते टोकियोत व्हिडिओ गेमच्या कथा लिहीत. ‘सात दीपस्तंभ’ त्यांनीच लिहिलेला.

आता इसोबे तोच खेळ नव्याने, हातात मावणाऱ्या यंत्रासाठी करत होता. त्याचं नाव झालं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

खेळाच्या सुरुवातीला मुलगा घर सोडतो. बाप उंबऱ्यात जाळं विणत बसलेला. मुलाने बोलायला जावं, तर पडद्यावर फक्त तीन टिंबं उमटतात. कितीही वेळा बटण दाबा, तीन टिंबं.

“लोक म्हणतात, तेव्हा खेळाच्या कार्ट्रिजमध्ये संवादाला जागा उरली नव्हती. आता जागाच जागा आहे, गुरुजी. मी त्याला संवाद दिलाय. मोठ्या नटाचा आवाज घेतलाय. ऐका.”

गुरुजींनी यंत्र हातात घेतलं. बटण दाबलं.

“जा, बाळा,” बाप म्हणाला. “वादळाला भिऊ नकोस. मी वाट पाहीन.”

पडद्यावरचा मुलगा वळला आणि बंदराकडे चालू लागला.

“छान बोलतो,” गुरुजी म्हणाले.

“आवडलं?”

“मुलगा लगेच निघाला.”

इसोबे हसला. मग हसू ओसरलं.

“मी नव्हतो निघत,” तो म्हणाला. “लहानपणी. त्याच्यासमोरच उभा राहायचो, बटण दाबत. वाटायचं, या खेपेला बोलेल.”

“…”

“शेजारच्या खोलीत माझे वडील होडीच्या फळ्यांवर रंधा मारत असायचे. तेही बोलत नसत. मी टोकियोला निघालो, तेव्हाही नाही. मग मीही गावी परत गेलो नाही.”

“…”

इसोबे थांबला. गुरुजी काहीतरी म्हणतील, म्हणून थांबला. चहा निवला. जमिनीवरचं ऊन सरकत दारापर्यंत गेलं. तो उठला नाही.

“निदान एवढं तरी सांगा. जागा खरंच संपली होती?”

“जागा पुष्कळ होती.”

इसोबेने यंत्र ओढून घेतलं. बराच वेळ त्यात काहीतरी करत राहिला. मग ते गुरुजींसमोर धरलं.

आवाज गेला होता. उंबऱ्यात बाप जाळं विणत होता. खाली तीन टिंबं.

“नटाला काय सांगू, ते बघतो,” इसोबे म्हणाला. “बाकी काही बदलू का?”

गुरुजींनी गार चहा बाहेर ओतला आणि इसोबेचा पेला पालथा ठेवला.

“परतीचं तिकीट टोकियोचंच काढलंयस का?”