पहिल्या कागदावरचा पंजा

"यात चूक कुठंय, तेवढंच सांगा उस्ताद. डबा तर नखाएवढाही मोठा करता येणार नाही."

असं म्हणत समिधा जिरगेनं माझ्या काउंटरवर अठरा कागद पसरले. नट-बोल्टच्या दुकानात इतके स्वच्छ कागद येत नाहीत, म्हणून मी आधी काउंटर पुसून घेतला होता.

ही पोरगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. हिच्या कॉलेजनं केलेला प्रयोगाचा एक डबा रॉकेटमधून वर जायचाय, वरच्या हवेचं तापमान मोजायला. पण परीक्षकांच्या समितीनं आराखडा दोनदा परत पाठवलेला. शेरा एकच, 'नियोजन अपुरे.' सोमवारी तिसरी खेप. तेव्हाही नापास, तर रॉकेटातली जागा दुसऱ्या कॉलेजला.

दस्तगीर उस्ताद स्टुलावर चहा पीत बसलेले. चाळीस वर्षं फिटर. उद्यमनगरातल्या कारखान्यांमधली निम्मी यंत्रं त्यांच्या पावलांच्या आवाजानंच सरळ होतात, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

उस्तादांनी एकेक कागद पाहिला. अठरावा पाहून झाल्यावर पुन्हा पहिला घेतला.

"मोकळी जागा कुठंय गं यात?"

"एक मिलिमीटरही नाही." समिधा पहिल्यांदाच हसली. "रिकामी जागा म्हणजे आळस, असं मी टीमला सांगून ठेवलंय."

"बरं... सगळ्यात शेवटाला काय करायचं असतंय?"

"उड्डाणाच्या अर्धा तास आधी बॅटरीची वायर जोडायची. रॉकेटच्या कुशीला एवढीशी झडप असते, तिच्यातून."

"कोण जोडणार?"

"मीच."

उस्तादांनी कप खाली ठेवला. पहिल्या कागदावर, डब्याच्या चित्राच्या बरोब्बर मध्यावर, तेलकट पंजा ठेवला. माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि पंजाभोवती रेघ ओढली.

आतल्या बारीक बारीक रेघा डागाखाली गेल्या. समिधाचा चेहरा उतरला.

"हा भाग यादीत राहिलाय," उस्ताद म्हणाले. "लिही."

"हात? हात काय वर जाणार आहे?"

"न्हाई."

"मग वजन काय लिहू?"

"शून्य लिही."

"आणि बसवायचा कुठं?"

उस्तादांनी कप उचलला...

मला वाटलं, आता आपण मध्ये पडावं. म्हटलं, "अगं बाळ, उस्ताद म्हणतायत, कागदापेक्षा हातची मेहनत मोठी. आमच्याकडं एक गिऱ्हाईक होतं, त्यानं काय केलं..."

आटे गेलेल्या बोल्टकडं बघावं तसं उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. ते गिऱ्हाईक तिथंच राहिलं.

समिधानं पिशवीतून डब्याचा प्लास्टिकचा नमुना काढला. झडपेएवढं भोक पाडलेला पुठ्ठा त्याच्यासमोर धरला. मनगट तिरकं करून दोन बोटं आत सारली.

टक्. वायर बसली.

"जातो की हात," ती म्हणाली. "आता?"

गेला होता खरा. मला तर पोरगी जिंकल्यासारखीच वाटली.

"त्या दिवशी तुला ताप आला तर?"

"येणार नाही."

"तापाला सांगून ठेवलंयस?"

समिधानं नमुन्यातली बोटं बाहेर काढली.

"तुमच्यात सगळ्यात जाड पंजा कुणाचा?"

"संग्राम इंगवलेचा. तालमीत जातो तो."

"त्याला घालू दे हात."

"त्याचं बोटसुद्धा जाणार नाही, उस्ताद. तो आमची गणितं करतो. हे काम त्याचं नाहीच मुळी."

उस्तादांनी कागदावरच्या पंजाच्या रेघेवर बोट टेकवलं.

समिधानं पंजाकडं पाहिलं. मग नमुन्याकडं. मग पुन्हा पंजाकडं.

"पण हाताला जागा दिली तर बॅटरी कुठं ठेवू? तापमान मोजायचं यंत्र कुठं ठेवू? डबा तेवढाच आहे. जो वर जाणारच नाही, त्याच्यापायी जाणारं काय काय काढून टाकू?"

तिच्या हातात खोडरबर होतं. पंजा खोडायचा की डबा, तिला कळेना. खरं सांगतो, मलाही कळेना.

उस्ताद उठले. पेन्सिल परत माझ्या कानावर ठेवली.

"जे जायचं न्हाई, त्याला आधी जागा दे, पोरी. जाणारं काय, कुठंबी बसतंय."