उलट्या चेहऱ्याचं नाणं

एका राज्यात राजाला सगळंच नीटनेटकं मिळे, म्हणून त्याचा जीव बिघडलेल्या गोष्टींवर जडला होता. टांकसाळीतून चुकून बाहेर पडलेलं नाणं तो मखमलीवर ठेवी. राजाचं पाहून इतरांनीही तोच नाद धरला. बिनचूक नाण्याला मूठभर चणे मिळत आणि चुकलेल्याला हत्ती. आता याला काय म्हणावं!

त्या टांकसाळीत हैबती घण मारी आणि त्याची बायको म्हाळसा वरचा ठसा धरी. दर घावानंतर ठसा उलटा करून पाहायचा, अशी तिथली रीत. कारण मागचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर राजाचा चेहरा उलटा आणि खोलगट उमटतो. एके दिवशी म्हाळसा नवऱ्याच्या घोरण्यावरून भांडत बसली आणि हाताखाली काय चाललंय ते तिने पाहिलं नाही. तीन नाणी चुकली. एकावर राजा कडेला सरकला, दुसऱ्यावर दोनदा घाव बसून त्याला दोन नाकं आली, तिसऱ्यावर त्याचा चेहरा उलटा झाला. तिन्ही नाणी थैलीतून बाहेर गेली.

टांकसाळीचा रखवालदार एक मांत्रिक होता. चुकलेलं नाणं जो बाहेर सोडी, त्याला तो तांब्याचा करी.

"चूक कोणाची?" त्याने विचारलं.

म्हाळसेच्या तोंडून भीतीने शब्द फुटेना. हैबती म्हणाला, "माझी." लगेच त्याची पावलं तांब्याची झाली, उगारलेला हात आखडून घण वरच्या वर राहिला.

आढ्यावर बसलेला मांत्रिकाचा पोपट म्हणाला, "तिन्ही नाणी मालकांनी राजीखुशीने द्यावीत आणि तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत मुशीत वितळावीत. नाहीतर तांबं डोक्यापर्यंत चढेल."

पहिलं नाणं डोंगरातल्या नागाकडे होतं. नाग म्हणाला, "कडेला सरकलेला राजा! लाखात एक! माझ्या ढिगातली खोटी नाणी निवडून दे, मग ने." म्हाळसेने दिवसभर नाणी निवडली. लोकांनी घरी कानशीने घासून चुका बनवल्या होत्या आणि नागाच्या गळ्यात मारल्या होत्या. चारशेंत खऱ्या चुका निघाल्या अकरा. नागाने फणा पाडला, पण शब्द पाळला.

दुसरं नाणं तळ्यातल्या यक्षिणीकडे होतं. "माझ्या प्रत्येक नाण्याची कथा ऐक," ती म्हणाली. "जांभई दिलीस तर नाणं मिळणार नाही." नाणी होती सातशे. कुठलं कुणाकडून घेतलं, कुणी जळून काय म्हटलं, सगळं तिने साग्रसंगीत सांगितलं. म्हाळसेने चिमटे काढून काढून स्वतःची मांडी काळीनिळी केली. तिकडे नवरा कमरेपर्यंत तांब्याचा झाला होता, आणि इकडे यक्षिणीची कथा संपता संपेना! अखेर ती संपली, आणि जांभई न देता म्हाळसेने नाणं मिळवलं.

तिसरं नाणं खुद्द राजाकडे.

"महाराज, माझ्या नवऱ्याचा जीव त्यात अडकलाय."

"बाई, नवरे पुष्कळ मिळतील. असं नाणं जगात दुसरं नाही."

म्हाळसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राजापुढे बोलणार काय? ती एवढंच म्हणाली, "दुपारी टांकसाळीत पायधूळ झाडावी."

टांकसाळीत येऊन तिने एक नाणं मुद्दाम ठशाला चिकटू दिलं, स्वतः दुसरा घण उचलला आणि तीच चूक पुन्हा पुन्हा केली. जन्मभर चुका टाळलेले हात तिच्याशीच भांडत होते. नाण्यांचा ढीग गुडघ्याला लागला, तरी त्यातलं एकही तिने उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही.

राजा आला. ढीग बघून त्याने नाक मुरडलं. "एवढी? ही तर बाजारातली भेंडी झाली!" त्याने कमरेला जपून बांधलेलं आपलं नाणं काढलं आणि ढिगावर भिरकावलं.

"राजीखुशीने देता ना, महाराज?"

"घे! डोळ्यांसमोर नको ते!"

म्हाळसेने आधीच्या दोन नाण्यांसकट सगळं मुशीत लोटलं. ढीग वितळला, पण ती तीन नाणी तळाशी तशीच राहिली. तांबं हैबतीच्या हनुवटीला पोचलं होतं.

"ज्याची चूक, त्याने ती कबूल करावी," पोपट म्हणाला.

तीन दिवस ती नागावर चिडली होती, यक्षिणीवर, राजावर. आता चिडायला कोणी उरलं नाही. आपणच तांब्याच्या होणार, अशी तिची खात्री होती. तरी राजा आणि मांत्रिक यांच्यासमोर ती मोठ्याने म्हणाली, "चूक माझी. ठसा मी पाहिला नाही. यांनी माझा दोष अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला."

तिन्ही नाणी पाण्यासारखी झाली. मांत्रिकाने मान लववून मंत्र मागे घेतला. राजाने तिथल्या तिथे हुकूम सोडला, की चुकलेलं नाणं मुशीतच जाईल, मखमलीवर नाही. राज्यात पुन्हा नाण्याला नाण्याचा भाव आला.

हैबतीच्या हातातला घण धाडकन खाली पडला. त्याने मान मोकळी केली आणि बायकोकडे पाहिलं.

"एवढं म्हणायला तीन दिवस लावलेस?"

म्हाळसेने एरवी चार शब्द सुनावले असते. आज ती त्याचा आखडलेला हात चोळत रडत बसली.