जांभळीची वाट

माणसानं मध चाखण्याच्याही आधीची गोष्ट. एका झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं मोहोळ होतं. बाहेरून आलेली माशी नाचून फुलांची वाट दाखवायची. त्या वाटेवर सगळं मोहोळ जगायचं.

एकदा आत पोळ्याचं मेण पोखरणारा मेणकिडा शिरला. फणकी नावाची पहारेकरीण त्वेषानं धावली. तिनं सगळे किडे मारले, पण पोळ्याला लागलेला त्यांचा वास काही जाईना. मग ज्या माशीच्या अंगाला तो वास येई, तिलाच ती नांगी मारू लागली.

"शत्रू उरता कामा नये!" ती म्हणे.

वाट सांगणाऱ्या माश्या एकेक करून मेल्या. रानात जांभळी बहरल्या होत्या आणि मोहोळ उपाशी होतं.

एके दुपारी फाटक्या पंखांची एक म्हातारी माशी दारात उतरली.

"थांब! तुझ्या अंगाला किड्याचा वास येतोय," फणकी गरजली.

"येणारच. मी याच पोळ्यावर राहते. तुझ्या अंगालाही येतोय, फणके. मारायचं तर मार, पण मी आत जाणार."

फणकीनं आपलेच पाय हुंगले. ती बाजूला झाली.

म्हातारी नाचू लागली. बघणाऱ्या थोड्याच उरल्या होत्या. तरी तिनं जांभळीची वाट शेवटपर्यंत सांगितली.